मेमरीची जुळणी

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरून थोडे चालत गेले म्हणजे जो रस्ता लागतो, त्याचे महानगरपालिकेच्या दप्तरी असलेले नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले, तरी १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावानेच तो अद्याप लोकांच्या तोंडी आहे. आणि ज्या पिढीने १९९० नंतरच्या दशकात आपल्या घरचा पहिला संगणक सुटे भाग जमवून उभा केला, त्या पिढीला तर ‘लॅमिंग्टन रोड’ या दोन शब्दांत एका संपूर्ण विद्येचा पत्ता सापडतो. रेडिओचे व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर विकणाऱ्या जुन्या दुकानांच्या शेजारी, एका वेळी तीन माणसे उभी राहिली तर चौथ्याला पायरीवरच थांबावे लागेल अशा अरुंद गाळ्यांतून, संगणकाच्या भागांचा व्यापार तेथे वाढला. तेथे प्रथमच गेलेला नवखा गिऱ्हाईक “आठ एमबी रॅम केवढ्याला?” असे विचारी, आणि काउंटरमागचा जाणता माणूस भाव सांगण्याऐवजी उलट त्यालाच विचारी, “बोर्ड कोणता आहे, साहेब?”

या उलट प्रश्नात त्या व्यापाराचे सगळे मर्म होते. धान्य वजनावर, कापड वारावर आणि तेल मापावर विकले जाते. घेणाऱ्याने परिमाण सांगितले की विकणाऱ्याचा हात चालू लागतो. संगणकाची स्मृती, जिला बाजारात कोणी मेमरी म्हणतो आणि बहुतेक सगळे रॅम म्हणतात, ती वरवर पाहता अशीच मापावर विकली जाते. परंतु तिला ज्या घरी नांदायचे त्या घराची रीत विचारल्यावाचून तिचा सौदा करता येत नाही, आणि केला तर तो बहुधा दुसऱ्या दिवशी परत येतो. ही रीत कोठे लिहिलेली असते, कोणाच्या ध्यानात असते, आणि काळाच्या ओघात ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कशी सरकत गेली, हाच माझ्या मते या लहानशा जिन्नसाच्या इतिहासाचा गाभा आहे.

अगदी आरंभी हा प्रश्नच नव्हता. ज्या काळी एक संगणक म्हणजे एक संपूर्ण दालन असे, त्या काळी त्याची स्मृती त्याच्याच कारखान्यात, त्याच्याच मापाने घडवली जाई, आणि दुसऱ्या यंत्राला ती बसेल की नाही हा विचार मनात येण्याचे कारणच नसे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत बांधलेला आणि १९६० साली रीतसर कामास लागलेला टिफ्रॅक हा संगणक घ्या. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. एका कडीत एक बिट, चाळीस कड्यांचा एक शब्द, आणि असे २,०४८ शब्द. हिशेब केला तर ऐंशी हजारांवर कड्या भरतात, आणि आजच्या भाषेत ती सारी बेरीज अवघी १० किलोबाइट होते. प्रत्येक कडीतून तलम तारा ओवण्याचे ते काम मण्यांच्या विणकामासारखे होते. चुंबकीय कड्यांच्या या स्मृतीच्या इतिहासातली दोन नावे विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहेत: एक, मॅसॅच्युसेट्समध्ये व्हर्लविंड या यंत्रासाठी ती सिद्ध करणारे जे फॉरेस्टर, आणि दुसरे, शांघायमध्ये जन्मून हार्वर्डला शिकलेले ॲन वँग, ज्यांनी १९४९ साली आपल्या शोधाच्या एकस्वासाठी अर्ज केला, १९५१ साली वँग लॅबोरेटरीज ही कंपनी काढली, आणि १९५६ साली ते एकस्व आयबीएमला पाच लाख डॉलरला विकून टाकले. हे दुसरे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आयबीएममध्येच रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली जी कल्पना सुचली आणि १९६८ साली जिचे एकस्व मिळाले, तिने कड्यांचे राज्य संपवले. एक ट्रान्झिस्टर आणि विद्युत्‌भार धरून ठेवणारा एक इवलासा कपॅसिटर, एवढ्या सामग्रीत एक बिट. १९७० साली इंटेलने बाजारात आणलेल्या ११०३ या चिपमध्ये भार साठवूनच ध्यानात ठेवलेले १,०२४ बिट होते. परंतु या स्वस्ताईची एक अट होती. कपॅसिटरमधला भार गळत राहतो. म्हणून काही मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा वाचून पुन्हा भरावा लागतो. फेराइटची कडी वीज गेली तरी आपले ध्यानात ठेवी. ही नवी स्मृती मात्र रांजणाला बारीक भोक असलेल्या घरासारखी, जिथे कोणीतरी सतत पाणी ओतत राहिले पाहिजे. ओतणारा किती वेळाने येणार, विचारलेले उत्तर किती नॅनोसेकंदांत मिळणार, किती व्होल्टवर काम चालणार आणि एका खेपेस किती बिट उचलले जाणार, या सगळ्यांचा करार स्मृती आणि बोर्ड यांच्यात आधीच ठरलेला असावा लागतो. जुळणीचा जो काही त्रास पुढे घरोघर झाला, त्याचे मूळ या करारात आहे.

आयबीएमने १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर विकावयास काढला, तेव्हा त्याच्या बोर्डावर नऊ-नऊ चिपांच्या चार रांगा होत्या. पहिली रांग कायमची डाखलेली आणि उरलेल्या तीन सॉकेटमध्ये बसवण्याच्या. आठ बिट मजकुराचे आणि नववा पॅरिटीचा, म्हणजे आठांचा मेळ बरोबर आहे की नाही याची साक्ष देणारा. चिपा वाढवल्या की बोर्डावरील बारीक स्विचांच्या पेटीत त्याची नोंद करावी लागे, कारण आपल्यात किती स्मृती आहे हे त्या यंत्राला सांगावे लागत असे. चूक झाली तर पडद्यावर २०१ हा आकडा येई आणि त्याच्याआधी जी अक्षरे-आकडे उमटत, त्यांवरून कोणत्या रांगेतली कोणती चिप बिघडली हे जाणकार माणूस पुस्तक उघडून काढी. उष्णतेने फुगून आणि थंडीने आकसून या चिपा सॉकेटमधून हळूहळू वर सरकत, म्हणून बंद पडलेल्या यंत्राचे झाकण काढून प्रत्येक चिप अंगठ्याने दाबणे हा दुरुस्तीचा पहिला उपचार होता. चिपेच्या पाठीवर शेवटी छापलेला १५ म्हणजे १५० नॅनोसेकंद, १२ म्हणजे १२०. आकडा जितका लहान तितकी चिप चपळ, ही गोष्ट मोठा आकडा म्हणजे चांगला माल समजणाऱ्या गिऱ्हाइकाला प्रत्येक वेळी नव्याने समजावून सांगावी लागे.

येथे वँग यांचे नाव पुन्हा येते. त्यांच्याच कंपनीत १९८३ च्या सुमारास अशी युक्ती निघाली की, नऊ सुट्या चिपा बोर्डावर रोवण्याऐवजी त्या एका लहान पट्टीवर आधीच डाखून घ्याव्यात आणि ती पट्टीच स्लॉटमध्ये उभी करावी. हीच ती सिम. ज्या गृहस्थाने कड्यांच्या स्मृतीचे एकस्व विकले होते, त्याच्याच छत्राखाली तीस वर्षांनी चिपांच्या स्मृतीला तिचा टिकाऊ आकार मिळावा, हा योगायोग मला फार मनोज्ञ वाटतो. सिमच्या एकस्वावरून पुढे जपानी कंपन्यांशी दीर्घ मुकदमे झाले; पट्टी मात्र तोवर जगभर रूढ झाली होती.

पट्टीने हाताचे कष्ट वाचवले, पण हिशेब वाढवला. तीस पिनांची सिम एका वेळी आठ बिट देई. ज्या ३८६ एसएक्स प्रोसेसरचा मार्ग सोळा बिटांचा, त्याला त्या दोन-दोनच्या जोडीने लागत. ४८६ चा मार्ग बत्तीस बिटांचा, म्हणून त्याला चार-चार. चार एमबीच्या यंत्रात एकेक एमबीच्या चार पट्ट्या बसल्या असतील आणि स्लॉट भरले असतील, तर स्मृती वाढवण्यासाठी चारही काढून टाकाव्या लागत, आणि त्या जुन्या चार पट्ट्यांचे काय करावे हा गृहस्थाश्रमी माणसापुढे खराच प्रश्न असे. दुकानदार त्या पडत्या भावाने परत घेई आणि त्या दुसऱ्या कोणाच्या तरी यंत्रात रुजू होत. पुढे बहात्तर पिनांची सिम आली, ती एकटीच बत्तीस बिटांची. ४८६ चे काम एका पट्टीत भागू लागले. लोकांनी सुस्कारा टाकला न टाकला तोच १९९३ साली चौसष्ट बिटांच्या मार्गाचा पेंटियम आला आणि पुन्हा जोडी आवश्यक झाली. एकच बत्तीस एमबीची पट्टी घेऊन आनंदाने घरी गेलेला माणूस पडदा काळाच राहिला म्हणून दुसऱ्या दिवशी परत येई, आणि काउंटरमागचा माणूस शांतपणे ती बदलून सोळाच्या दोन देई.

हा सगळा माल दूरदेशींहून येत होता, आणि त्याच्या भावावर कोणत्या गोष्टींचा अंमल चाले हे पाहिले म्हणजे जगाच्या व्यापाराचे विस्मयकारक दर्शन घडते. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध बरेच सैल केले आणि १९९१ नंतर परवान्यांचा जाच पुष्कळसा उठला. पुढे १९९७ साली भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाल्याने जकातही टप्प्याटप्प्याने उतरली. परंतु ४ जुलै १९९३ रोजी जपानमधील निइहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा चिपांचे वेष्टन ज्या राळेचे करतात तिच्या पुरवठ्याचा मोठा वाटा त्या एकाच ठिकाणाहून येत असल्यामुळे, एकही चिप न जळता जगभर मेमरीचे भाव कडाडले. १९९६ साली ते कोसळले. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानला भूकंप झाला आणि ते पुन्हा चढले. सोन्याच्या पेढीवर जसा रोजचा भाव फळ्यावर लिहितात, तसा रॅमचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा, असे त्या दिवसांत सर्रास होई. आणि घर-संगणकाची यादी तयार करताना माणसे प्रोसेसर आधी ठरवीत, रॅम मात्र शेवटच्या दिवसापर्यंत मोकळी ठेवीत.

भावाच्या या चढउतारात जुळणीच्या काही सूक्ष्म गोष्टी मागे पडत. त्यांतली एक संपर्कांच्या मुलाम्याची. सिमच्या कडेवरील पट्ट्यांना कधी सोन्याचा, कधी कथलाचा मुलामा असे, आणि स्लॉटच्या काट्यांनाही तसाच. सोन्याला सोने आणि कथलाला कथील हा नियम; तो मोडून सोन्याची पट्टी कथलाच्या स्लॉटात बसवली, तर पहिले काही महिने सर्व सुरळीत चाले आणि मग थरथरीने घासून कथलाच्या ऑक्साइडचा थर साचू लागे. संगणक मधूनच अडे, पुन्हा चालू केला की नीट चाले, आणि दोष कोठे आहे हे कोणासच उमगत नसे. सोने अधिक चांगले असेल या भाबड्या समजुतीने जास्त पैसे मोजणाऱ्याच्या वाट्याला हे दुखणे यावे, याचे मला त्या काळी फार वाईट वाटे.

१९९५ च्या सुमारास ईडीओ नावाची जात आली, आणि तिच्या पाठोपाठ १६८ पिनांची डिम. डिम चौसष्ट बिटांची असल्याने जोडीची सक्ती सुटली, तिला ३.३ व्होल्ट पुरत; आणि तिच्या खालच्या कडेस दोन खाचा अशा ठिकाणी होत्या की, भलत्या जातीची पट्टी भलत्या स्लॉटात बसूच नये. पण तिचे खरे नावीन्य एका कोपऱ्यात होते. तेथे आठ पायांची एक अगदी बारीक चिप डाखलेली असे, आणि पट्टीची क्षमता, तिचा वेग, तिला किती व्होल्ट लागतात हे सारे त्या चिपेत लिहिलेले असे. संगणक सुरू होताच बोर्ड ते वाचून घेई. याला एसपीडी म्हणतात. आयबीएमच्या त्या पहिल्या यंत्रात जी नोंद माणूस स्विचांनी करीत होता, आणि मधल्या काळात जी माहिती लॅमिंग्टन रोडवरच्या माणसाच्या डोक्यात राहत होती, ती आता जिन्नस स्वतःच आपल्या अंगावर दाखल्यासारखी वागवू लागला. १९९८ साली इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटबरोबर पीसी१०० हे मान रूढ झाले, तेव्हा अनेकांची अशी खातरजमा झाली की जुळणीचा प्रश्न कायमचा निकालात निघाला.

माझी स्वतःची तशीच समजूत होती, आणि ती २००१ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस दूर झाली. घरी पेंटियम थ्री होता, बोर्ड त्याच बीएक्स चिपसेटचा, रॅम ६४ एमबी. आणि एका स्नेह्याच्या दिवाळी अंकाची पाने पेजमेकरवर श्रीलिपीत लावण्याचे काम मी अंगावर घेतले होते. दोन जाहिराती आणि एक रंगीत चित्र असलेले पान उलटताना हार्ड डिस्क इतकी कुरकुरे की शेजारच्या खोलीत ऐकू जाई. म्हणून २५६ एमबीची डिम आणली, जुनी काढली, नवी दोन्ही बाजूंचे चिमटे वाजेपर्यंत दाबून बसवली. संगणक सुरू झाला. काळ्या पडद्यावर स्मृतीची मोजदाद पळू लागली, आणि १३१०७२ वर येऊन थांबली. म्हणजे १२८ एमबी, बरोबर निम्मी. काढून दुसऱ्या स्लॉटात लावली, तरी तोच आकडा.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन मी त्याच दुकानी गेलो, आणि मनात थोडा रागही होता. काउंटरमागे असलेल्या वयस्क कारागिराने पट्टी हातात घेतली, ट्यूबलाइटच्या उजेडात धरली, एका बाजूच्या चिपा बोटाने मोजल्या, मग उलटून दुसरी बाजू पाहिली. ती कोरी होती. “आठच आहेत,” तो म्हणाला. “साहेब, मालात खोट नाही. तुमचा बोर्ड हिला अर्धीच ओळखतो. सोळावाली घेऊन जा.” त्याने खणातून दुसरी काढून दिली, तिच्या दोन्ही अंगांवर आठ-आठ चिपा होत्या. घरी ती लावताच मोजदाद पूर्ण झाली.

त्याने सांगितलेले कारण मी नंतर नीट समजून घेतले. आठ चिपांच्या २५६ एमबी पट्टीत प्रत्येक चिप २५६ मेगाबिटांची, आणि सोळांच्या पट्टीत १२८ मेगाबिटांची असते. बीएक्स चिपसेट घडवला गेला तेव्हा १२८ मेगाबिटांपुढची चिप त्याच्या हिशेबात धरलेलीच नव्हती. त्यामुळे ज्या टपालवाल्याला वाड्याच्या तळमजल्याचेच पत्ते ठाऊक आहेत त्याने माडीवरच्या बिऱ्हाडांची पत्रे कधीच पोचवू नयेत, तसा तो मोठ्या चिपेच्या अर्ध्या भागापर्यंत पोचतच नसे. पट्टीवरचा एसपीडी दाखला अगदी खरा होता. तो वाचणाऱ्याची लिपी जुनी होती. आणि पट्टीला खाचा योग्य जागी होत्या, वेग योग्य होता, व्होल्ट योग्य होते; चुकले ते फक्त चिपांच्या संख्येत, जे कोणत्याही लेबलावर लिहिलेले नव्हते आणि एका माणसाच्या बोटांना मात्र माहीत होते. त्या माणसाविषयीचा आदर माझ्या मनात अजून तसाच आहे.

याच सुमारास रॅम्बसच्या मेमरीचे एक अल्पजीवी प्रकरण होऊन गेले. त्या पद्धतीत रिकामा स्लॉट रिकामा ठेवताच येत नसे. त्यात निव्वळ मार्ग जोडणारी, चिपा नसलेली पट्टी घालावी लागे. माल महाग, बोर्ड महाग. आपल्याकडच्या घरांत ती फारशी आलीच नाही. तिच्या जागी डीडीआर आली आणि तिच्या पिढ्या एकामागून एक येत राहिल्या: पहिली १८४ पिनांची आणि २.५ व्होल्टची, दुसरी २४० पिनांची आणि १.८ व्होल्टची, २००७ पासून तिसरी, तीही २४० पिनांची पण १.५ व्होल्टची. दुसरीच्या आणि तिसरीच्या पिना तेवढ्याच असल्याने खाच काही मिलिमीटर सरकवून ठेवली आहे, आणि तेवढ्या अंतरावर सारी सुरक्षा अवलंबून आहे. जोर करून, उलटी लावून स्लॉट मोडलेले बोर्ड मी पाहिले आहेत. २००३ च्या सुमारास दुहेरी मार्गाचे बोर्ड घरोघर पोचले, तशी ती जुनी जोडीही परत आली, या वेळी सक्तीने नव्हे, वेगाच्या लोभाने. एकाच क्षमतेच्या दोन पट्ट्या एकाच रंगाच्या दोन स्लॉटांत लावण्याची शिस्त तेव्हापासून रूढ आहे. आणि या सर्व पिढ्यांतून एक उपचार मात्र अबाधित राहिला. डिस्प्ले येत नाही, संगणक बीप मारतो, अशी तक्रार आली की आपल्याकडचा कोणताही कारागीर प्रथम रॅम काढतो, शाळेतल्या मुलाचा पांढरा खोडरबर तिच्या सोनेरी कडेवरून हळुवार फिरवतो, चुरा फुंकून टाकतो आणि पट्टी पुन्हा बसवतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या ओलीत या उपचाराने किती यंत्रे जिवंत झाली असतील याची गणती नाही.

आता पुष्कळशा लॅपटॉपांत स्मृती बोर्डावरच डाखून येते. टिफ्रॅकच्या काळाप्रमाणे ती पुन्हा एकाच यंत्राची झाली आहे, आणि घेतानाच जेवढी घेतली तेवढीच जन्मभर. ज्यांत अजून स्लॉट आहे त्यांत मात्र निवडीचे काम शिल्लक आहे. तिसऱ्या डीडीआरची एक १.३५ व्होल्टवर चालणारी उपजात आहे; नावाअखेर ‘यू’ अक्षर असलेले चौथ्या पिढीचे इंटेल प्रोसेसर ज्या लॅपटॉपांत आहेत त्यांना तीच लागते, आणि १.५ व्होल्टची साधी पट्टी, खाच तीच असल्यामुळे, त्यांच्यात नीट बसते पण यंत्र सुरू होत नाही. फरक लेबलावरच्या एका अक्षराचा आहे.

गेल्या महिन्यात नाशिकहून भाचीचा फोन आला. तिचा जुना लॅपटॉप मुलाच्या अभ्यासासाठी पुन्हा काढायचा होता. “मामा, आठ जीबीची रॅम मागवू ना? स्वस्तात मिळतेय.”

“आधी लॅपटॉप बंद कर, बॅटरी काढ, मागचं झाकण उघड,” मी म्हणालो, “आणि आत आहे तिच्यावर काय लिहिलंय ते वाच.”

स्क्रू खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती एकेक अक्षर सावकाश वाचू लागली. “पी… सी… तीन… एल.”